विषय क्रमांक नऊ

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, पिण्याच्या नळाच्या वर
तो तक्ता होता : जगातले कणखर नेते.
सातवा चेहरा त्याचा. खाली सुवाच्य अक्षरात
शिस्त, वक्तृत्व, देशप्रेम.
कुणीतरी पेनाने मिशी गडद केली होती,
चेष्टेने नव्हे, हौसेने.

मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले.
इंगवले सरांना पोरं मागून हिटलर म्हणतात.
सरांना ठाऊक आहे. ऐकलं की मान जरा ताठ होते.
"प्रेमानं म्हणतात ओ बाई,
गॅदरिंगला फिशपाँडपण पडला होता."

नाव सांगितलं. मिल्का झिराडकर.
"झिराडकर म्हणजे कोकणातले?"
कोकणातलेच. घाणा चालवायचे आमचे लोक,
शनिवारी बैल सोडून द्यायचे,
म्हणून गाव म्हणायचं शनिवार तेली.
"म्हणजे तेली?"
म्हणजे ज्यू, सर.
त्यांनी चहा मागवला.

मग ते वाक्य, जे कॉलेजच्या प्राचार्याही बोलल्या,
विद्यापीठात तर तिघे एकदम :
"पण आपल्याकडं तसलं काही नाहीच."

खरं आहे. पंचगंगेच्या काठावर
मी कधी दगड खाल्ला नाही.
वडिलांच्या घड्याळांच्या दुकानाला शनिवारी कुलूप,
आणि गंगावेशीतलं गिऱ्हाईक न कुरकुरता रविवारी यायचं.
म्हणूनच तर आले, सर.
सहावीतली पोरगी ओंजळीने पाणी पिते, वर बघते,
शिस्त असं वाचते, तोंड पुसते, वर्गात जाते.
साठ लाख कुठेच लिहिलेले नाहीत.
भाचा मोबाईल दाखवतो :
जगातल्या सगळ्या बँका म्हणे आमच्या.
माझे एकोणीस हजार एका पतसंस्थेत आहेत,
तीही अवसायनात.

विद्यापीठाच्या बैठकीत माझा विषय क्रमांक नऊ.
आठवा वसतिगृहाच्या मेसचा, तो जेवणापर्यंत चालला.
कुलसचिव म्हणाले, परिपत्रक काढू.
निघालं. तीन महिन्यांनी.
त्यात ज्यूद्वेषाचा ज्यूसद्वेष झाला होता.
मी हसले, मग रिक्षात बसल्यावर
हसू कुठे गेलं कळलं नाही.

चौथ्या खेपेला इंगवले सरांनी चहा मागवला नाही.
खुर्ची खिडकीकडे वळवली.
"आमची आई लहानपणी वळिवड्याला दही घालायची,
छावणीत. पोलंडची माणसं होती बघा युद्धातली.
त्यातली एक बाई शुक्रवारी दिवस बुडताना
खिडकीला घोंगडं लावायची
आणि आत दोन मेणबत्त्या.
आईनं विचारलं तर ओठांवर बोट.
एवढ्या लांब आलेली, सगळी तिच्याच गावची,
मग कुणापासनं लपवत होती?
आई मरेपर्यंत विचारायची."

आमच्या घरीही शुक्रवारी दोन दिवे लागतात, सर.
खिडकी उघडी असते.
एवढंच मी बोलले.
ते टेबलावरची एक वाकडी टाचणी
बराच वेळ सरळ करत राहिले.

तक्ता त्या दिवशी उतरला नाही. शिपाई रजेवर होता.
सोमवारी पाहिलं : कात्रीने कापलेला चौकोन,
मागे भिंतीचा जुना पिवळा रंग,
आणि खाली तसेच राहिलेले
शिस्त, वक्तृत्व, देशप्रेम.
दोन पोरं भोकात बोट घालून बघत होती.

सरांनी मला नववी ब मध्ये शेवटच्या बाकावर बसवलं.
"मला मागनं काय म्हणता रे?"
वर्ग चिडीचूप.
"म्हणा की. मोठ्यानं."
कुणी म्हणेना. बाहेरून कुठल्या तरी गुऱ्हाळाचा
उकळत्या रसाचा वास येत होता.
सर फळ्याकडे वळले, खडूने एक खिडकी काढली,
तिच्यावर घोंगडं काढायला घेतलं.
चित्रकला यथातथाच. रेघा जाड, एक बाजू खाली उतरलेली.
मधल्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारलं :
"दार हाय काय ओ सर?"